फ्रॉकची दुमड

पाऊस चुकून तिच्यावर पडला.

ती रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसली होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, समोर सात वर्षांची मुंगी उभी, आणि मुंगीच्या फ्रॉकची शिवण एका बाजूनं लोंबत होती. सुईत दोरा जाईना म्हणून तिनं सुई उजेडात धरायला हात वर केला... आणि वरून धो धो पाणी आलं. गार, गंजाचा वास असलेलं, अंगावर काटा आणणारं.

ती ओरडली. पण तोंडात टाचण्या, त्यामुळे ‘म्म्म म्म्म’ एवढंच ऐकू गेलं.

परांचीवर बसलेल्या माणसानं घाईघाईनं चाक फिरवून पाणी बंद केलं आणि तो सरसर खाली आला. हातात पाना, आणि चेहरा असा की नळ नाही, धरणच फोडलंय.

“हात वर केलात तुम्ही,” तो म्हणाला.

तिनं एकेक टाचणी तोंडातून काढली. “सुईत दोरा ओवत होते मी!”

“इथे हात वर झाला की पाऊस पडतो. डायरेक्टर मॅडमनी तशीच खूण ठरवलीय.”

“अस्सं? म्हणजे मी आळस दिला तर पूर येईल?”

“येईल ना. म्हणून सांगतो, आळस देऊ नका.”

मुंगी खिदळायला लागली. भिजलेल्या फ्रॉकमध्ये उड्या मारत म्हणाली, “काका, तुम्ही ताईला भिजवलंत! काका, तुम्हाला शिक्षा!”

काका हसला. मग स्वतःच्या अंगातला रेनकोट काढून त्यानं तिच्यापुढे धरला.

“पाऊस पडून गेल्यावर?” तिनं विचारलं.

“पुढच्यासाठी असू द्या. तुम्ही परत दोरा ओवणारच.”

तिनं रेनकोट घेतला. घ्यायचा नव्हता, पण घेतला. आणि दिवसभर परत दिला नाही.

सेटवर तिला सगळे टाचणी म्हणत. तिचं काम कपड्यांचं, पण शोभेच्या कपड्यांचं नव्हे. दुकानातून आणलेल्या नव्या कोऱ्या कापडाला गरीब करायचं, हे तिचं काम. चहाच्या पाण्यात बुडवायचं, खडबडीत दगडानं घासायचं, कोपर फाडायचं, फाडलेलं मुद्दाम वाकडं शिवायचं. ती मालिका होती एका छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बापाची. पोरीला हातगाडीवर बसवून तो गावोगाव हिंडतो. दर आठवड्याला नवं गाव, नवा रस्ता, नवी दुःखं. रस्ता अर्थातच एकच होता. दारांना दुसरा रंग मारायचा, दुकानांच्या पाट्या बदलायच्या, झालं नवं गाव. वरून पाऊस सोडला की कुणी काही विचारत नाही. घरोघरी लोक जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन त्या बापलेकीसाठी रडत. बेघर माणूस लोकांना पडद्यावर फार आवडतो. दारात आला तर त्याच्यावर कुत्रं सोडतील.

तर अशा त्या खोट्या रस्त्यावर, खोट्या पावसात, टाचणीचं खरंखुरं काहीतरी सुरू झालं.

म्हणजे झालं काय, तर तो आता तिच्याकडे बघून घेतल्याशिवाय चाक फिरवेना. मॅडमचा हात वर व्हायचा, सगळे वर बघायचे, आणि पाऊस काही येत नसे. याची नजर कपड्यांच्या खोलीच्या दारावर. टाचणी आत पोचली की मग पाणी.

“टाचणी आत गेली का बघा रे,” दिवेवाला ओरडायचा, “नाहीतर आज दुष्काळ!”

तिचे कान तापायचे. पण दारापाशी ती हल्ली जरा रेंगाळायचीच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला परांचीखाली बोलावलं. पाइपाच्या टोकाला त्यानं बारीक भोकांचा डबा बसवला होता. चाक अगदी थोडं फिरवलं. धुक्यासारखं पाणी उतरलं... तिच्या पापण्यांवर, केसांवर, मनगटावरच्या बारीक लवेवर.

“ही भुरभुर,” तो म्हणाला. “मॅडमना नको असते. कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणतात.”

“मग कशाला केलीत?”

“ज्याला दिसते त्याच्यासाठी.”

ती काहीतरी झणझणीत बोलणार होती. त्याऐवजी उगाच म्हणाली, “तुमची पुतणी फार गुणी आहे हं. पण हिचे आईबाप कधी फिरकत नाहीत? पोरीला नुसतं काकावर टाकून...”

त्यानं चाक बंद केलं.

“आई नाही येत. तिनं दुसरं घर केलं. तिकडे तिला दोन मुलं आहेत.”

“आणि बाप?”

तो पाइपाचा नट आवळायला लागला. नट आधीच घट्ट होता.

“बाप रोज येतो,” तो म्हणाला. “पाऊस पाडतो.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा अंगावर उरलेली ती भुरभुर बोचायला लागली.

झालं होतं ते असं. मालिका सुरू झाली तेव्हा मुंगी ‘बाबा’ म्हणायची, आणि दर वेळी तिची नजर जायची वर, पाइपाकडे. समोर पडद्यावरचा बाप, म्हणजे हिरो, गुडघ्यावर बसून डोळ्यांत पाणी आणतोय, आणि पोर बघतेय परांचीकडे! शॉटमागून शॉट वाया. मॅडम शेवटी म्हणाल्या, “फ्लोअरवर हिचा बाप एकच. तुम्ही काका. सगळ्यांनी काकाच म्हणायचं, तिनंसुद्धा. खेळ म्हणून शिकवा तिला.” त्यानंच शिकवलं. करारावर सही झालेली, पोरीच्या शाळेची सोय झालेली, डोक्यावर छप्पर आलेलं... शिकवलं.

“लागतं का मनाला?” तिनं हळूच विचारलं.

“आपण प्लंबर माणूस,” तो म्हणाला. “गळतं कुठे ते दिसलं तरी भिंत फोडायची परवानगी मालकाची लागते.”

त्याची गोष्ट तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. चहाच्या कपावर थोडी, कपडे वाळत घालताना थोडी. तो नव्या इमारतींमध्ये पाइप टाकायचा. अर्धवट बांधलेल्या इमारतीतच बापलेक राहायची, कधी तिसऱ्या मजल्यावर, कधी सातव्या. खिडक्यांना काचा नसायच्या. इमारत पूर्ण झाली, नळाला पाणी आलं, की यांनी गाशा गुंडाळायचा. पोर म्हणायची, बाबा, आता कुठे पाणी आणायचं? अशाच एका इमारतीत जाहिरातवाल्यांना ती दिसली, आणि तिथून ती इथे आली. खऱ्या फिरत्या बापाला त्यांनी पाइपावर चढवलं आणि त्याची पोर खोट्या फिरत्या बापाच्या गाडीवर बसवली. आणि म्हणे मालिका माणुसकीवर आहे!

हिरो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर फार बरं झालं असतं. तो मुंगीला खांद्यावर घ्यायचा, तिला खिशातून चॉकलेट काढून द्यायचा, तिच्या कानात जोक सांगायचा. ‘कट’ झालं की मोबाइल काढून आपल्या व्हॅनमध्ये जायचा. त्याच्या घरी त्याची स्वतःची दोन मुलं होती. मुंगी व्हॅनच्या दारापाशी उभी राहायची. दार लागायचं. मग ती परत यायची टाचणीकडे, चिंध्यांच्या ढिगात बसून राहायची.

टाचणीच्या घरी एव्हाना आईला सुगावा लागला होता. मुलीचे केस रोज ओले, आणि मुलगी रोज हसतेय.

“करतो काय तो?” आईनं विचारलं.

“पाऊस पाडतो.”

“अगं बाई! आणि उन्हाळ्यात?”

“आई, तेव्हाही तोच पाडतो.”

“आणि पोर आहे म्हणतेस पदरी. म्हणजे तयार संसार. भांडी तरी आहेत का, का तीही पत्र्याची?” आईनं डोक्याला हात लावला. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, “माणूस निदान खाली बघून बोलतो का वर बघून?”

“माझ्याकडे बघून बोलतो,” टाचणी म्हणाली. आई गप्प बसली. म्हणजे अर्धी परवानगीच.

त्यानं अजून काही विचारलं नव्हतं. पण विचारणार होता. तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला होता. कपड्यांच्या खोलीतल्या गळक्या नळाला त्यानं नवा वायसर घातला, आणि नंतर रोज येऊन नळ बघायचा. न गळणारा नळ कुणी रोज बघतं का? एकदा म्हणाला, “एवढे दिवस एका खोलीत आम्ही आजवर राहिलो नाही. पोरीला गल्लीतल्या कुत्र्यांची नावं पाठ झालीत. असंच... राहावं वाटतं.” आणि तिच्या बोटाला लागलेलं दोऱ्याचं टोक त्यानं सावकाश काढलं. दोन बोटांनी. तिला वाटलं, हा दोरा गावभर लांब असता तर...

आणि त्याच आठवड्यात तिनं शेठना बोलताना ऐकलं.

शेठ म्हणजे मालिकेत पैसा घालणारा माणूस. पडद्यासमोर बसून तो मॅडमना म्हणाला, “पोर वाढतेय. हातगाडीच्या दांड्याला डोकं लागलं की लीप घ्या. पोरगी एकदम विशीची दाखवू, मोठ्या घरात लग्न लावून देऊ. बापालाही बंगल्यात आणू. हा रोजचा पाऊस मला परवडत नाही.”

लीप म्हणजे उडी. एका शॉटमध्ये पोर रस्त्याच्या या टोकानं जाते, आणि दुसऱ्या टोकानं तरुण होऊन येते. मधली वर्षं कुणालाच जगावी लागत नाहीत. पण त्या उडीच्या फटीत मुंगी पडणार होती. पाऊस पडणार होता. आणि पावसाबरोबर तो. बंगल्यात कुठला आलाय पाइपवाला? त्याला लांबच्या एका धरणाच्या कामाचं बोलावणं आलेलंच होतं. तो हो म्हणाला नव्हता, एवढंच.

टाचणीनं त्या दिवशी फ्रॉकची दुमड सोडली.

प्रत्येक लहान मुलीच्या फ्रॉकला खाली कापड दुमडलेलं असतं, वाढत्या अंगासाठी. तिनं ते बोटभर सोडलं. फ्रॉक पुन्हा गुडघ्याखाली आला, पोर पुन्हा लहान झाली. मग बाह्या लांब केल्या, की मनगटं दिसू नयेत. खांदे उतरते ठेवले. केसांचा डोक्यावरचा बुचडा सोडून मानेवर बांधला. हिरोच्या बुटांना जाड तळवे लावले. हिरो खूश, त्याला जन्मभर उंच व्हायचं होतं. सुताराला म्हणाली, “हातगाडीची चाकं मोठी करायला सांगितलीत.” कुणी, ते सुतारानं विचारलं नाही. सेटवर कुणीच कधी विचारत नाही.

“हिला छान ठेवलंयस गं,” मॅडम म्हणाल्या. “अगदी पहिल्या दिवशीसारखी दिसते.”

तिला अभिमान वाटला. प्रेमात पडलेल्या माणसाला कशाचाही अभिमान वाटतो.

पण पोर म्हणजे काही कापड नाही. पोर वाढतच होती. आणि जेव्हा सोडायला दुमडच उरली नाही, तेव्हा टाचणीनं मुंगीला जवळ घेतलं आणि म्हटलं, “आपण एक खेळ खेळू. मुंगी कशी चालते? गुडघे थोडे वाकवून, होय की नाही? कुणाला सांगायचं नाही. तुझं-माझं गुपित.”

“का पण?”

“उंच झालीस तर बाबाच्या गाडीत मावशील का तू?”

मुंगीनं लगेच गुडघे वाकवले. इतक्या तत्परतेनं, की टाचणीला ते बघवेना. तिनं मान वळवून दोरा गुंडाळायला घेतला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं तिला घरी बोलावलं. एकच खोली, धुतलेली, आवरलेली. खिडकीला नवा पडदा, तोही उलटा लावलेला. शिवण बाहेर. ती हसली, तो लाजला. “तुला दाखवायला म्हणून लावला, आणि...”

“काढा, मी नीट करून देते.”

“आज नको. आज तू पाहुणी आहेस. पुढे... पुढे काय ते तूच ठरव.”

ती खाली बघत राहिली. तो पुढचं वाक्य जुळवत होता. तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. तेवढ्यात कोपऱ्यात झोपलेली मुंगी दचकून उठली. स्वप्न पडलं असावं. “बाबा!” म्हणून तिनं हंबरडा फोडला. तो धावला, तिला उचलायला वाकला.

मुंगीनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं.

“तुम्ही नाही, काका! बाबा! मला बाबा हवाय!”

“बाळा, मीच...”

“फोन लावा ना बाबाला! काका, लावा ना!”

त्यानं खरोखर फोन लावला. टाचणीच्या डोळ्यांदेखत. हिरोच्या नंबरावर घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पोर रडून थकली, उठून मोरीकडे पाणी प्यायला गेली. गुडघे वाकवून, कंबरेत मोडून, म्हातारीसारखी.

“बघितलंस?” तो टाचणीला हळू आवाजात म्हणाला. “हल्ली अशीच चालते. रात्री पाय दुखतात म्हणून रडते. डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, पाय ठणठणीत आहेत. पोर चांगली वाढतेय.” त्यानं दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. “चार बोटं वाढलीय! मग पडद्यावर का वाढत नाही? मी रोज वाट बघतोय. करार लीपपर्यंतचा आहे, त्याआधी पोर काढता येत नाही. हात जोडून झाले माझे. म्हटलं, वाढेल. एकदाची वाढली की घेऊन जाईन आणि पहिल्यापासून शिकवीन तिला, की मी कोण.”

जो दिवस येऊ नये म्हणून ती दोरे उसवत होती, त्याच दिवसाची हा माणूस वाट बघत होता.

“नीट चाल बघू, बाळा,” त्यानं मुंगीला सांगितलं. “ताठ.”

“नाही. ताठ चालले तर मी मोठी होईन. मोठी झाले की बाबा दुसरी मुंगी आणणार.”

“कुणी सांगितलं तुला असं?”

मुंगीनं ओठ घट्ट मिटले. तिनं टाचणीकडे पाहिलं. गुपित होतं. पोर इमानी होती.

“मॅडमनी सांगितलं ना?” तो म्हणाला. “उद्या बघतोच मी तिला.”

गप्प बसणं किती सोपं होतं! पोर बोलणार नव्हती. तो कधीच शोधून काढू शकला नसता. अजून अर्ध्या तासानं त्यानं ते वाक्य पुरं केलं असतं, आणि तिनं ‘हो’ म्हटलं असतं.

“मी सांगितलं,” टाचणी म्हणाली.

त्याला वाटलं, चेष्टा करतेय.

“फ्रॉक मीच लांब करत होते. बाह्याही. गाडीची चाकं मी मोठी करवली. चालायला मी शिकवलं. लीप होऊ नये म्हणून... तुम्ही जाऊ नये म्हणून.”

तो उलट्या पडद्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

“मला विचारायचं नाही का,” शेवटी तो म्हणाला, “की थांबता का म्हणून?”

“तुम्ही विचारणार होतात.”

“हो. मी विचारणारच होतो.” त्यानं दार उघडलं. “जा आता. तिला जेवायला घालायचंय.”

दुसऱ्या दिवशी टाचणीनं सगळं उलट केलं. बाह्या आखूड केल्या, खांदे वर घेतले, बुचडा डोक्यावर बांधला. फ्रॉकची दुमड घातली, चांगली चार बोटं. सुताराला सांगून जुनी चाकं बसवली. मग मुंगीसमोर ती गुडघ्यांवर बसली.

“खेळ संपला, बाळा. ताठ उभी राहा.”

“मग बाबा?”

टाचणीनं तिच्या फ्रॉकची कॉलर सारखी केली.

“बाबा जाणार?” मुंगीनं विचारलं.

“तू ताठ राहा,” टाचणी म्हणाली. “ताठ राहिलं की पाय दुखत नाहीत.”

मुंगी सावकाश सरळ झाली. आधी गुडघे, मग कंबर, मग मान. टाचणीला वाटलं, आपण एखाद्या मुडपलेल्या रोपाला सरळ करत नाही आहोत, मोडतो आहोत.

शॉटमध्ये मुंगी गाडीपाशी उभी राहिली. डोकं दांड्याच्या वर. पडद्यापुढे बसलेले शेठ ओरडलेच, “अरे, ही घोडी कधी झाली एवढी? लीप घ्या, ताबडतोब!”

वर परांचीवर तो बसला होता. त्यानं टाचणीकडे पाहिलं नाही. हात वर झाला आणि त्यानं लगेच पाणी सोडलं, ती रस्त्यावर असतानाच.

शेवटच्या दिवशी लीपचा तो प्रसंग झाला. मुंगी रस्त्याच्या एका टोकाला पळत जाते, वळून ‘बाबा’ म्हणून हाक मारते, आणि पावसात दिसेनाशी होते. मुंगीनं अशी हाक मारली, की दिवेवाल्यानंही डोळे पुसले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. एका शॉटमध्ये काम झालं होतं. ती नाटक करत नव्हती, हे त्या अख्ख्या फ्लोअरवर दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक चाक धरून बसला होता.

नंतर मुंगी हिरोच्या कमरेला बिलगली. सोडेचना. हिरो कावराबावरा झाला. त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, घड्याळ बघितलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, “असं नाही करायचं, राजा. जा बघू शहाण्यासारखी काकांबरोबर.”

तो पाच पावलांवर, हातात पोरीची बॅग धरून उभा होता. त्यानं ते ऐकलं. त्यानं मान हलवली. ‘थँक्यू’ म्हणाला. हिरोला थँक्यू म्हणाला!

फाटकाबाहेर सामान न्यायचा टेम्पो उभा होता. टाचणी तिथे आधीच जाऊन थांबली होती. आईनं सकाळी तिच्या हातात पोरीसाठी विणलेला स्वेटर ठेवला होता. ‘धरणावर गारठा असतो’, एवढंच म्हणाली होती. टाचणीनं स्वेटर त्याच्याकडे दिला. त्यानं घेतला.

“बाह्या लांब ठेवल्यात,” ती म्हणाली. “वाढत्या अंगाला...” आणि तिथेच थांबली.

त्यानं पोरीला टेम्पोत पुढे बसवलं, दार लावलं, आणि तो परत आला. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्यानं सरळ तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर काहीतरी शिल्लक आहे असं वाटलं असतं.

“तू सांगितलं नसतंस, तर मी तुला विचारलं असतं त्या दिवशी.”

“माहीत होतं मला.”

“माहीत होतं? मग का सांगितलंस?”

तिला रडायचं नव्हतं. “तुम्ही फोन लावलात ना... तिच्यासाठी, त्याला. एवढं कुणी माझ्यापुढे करावं आणि मी खोटं बोलून त्याच्या घरात शिरावं... माझ्यानं होईना.” मग श्वास घेऊन तिनं ते म्हणून टाकलं, जे म्हणून काही उपयोग नव्हता. “मला तुम्ही हवे होतात. अजून हवे आहात. मी येते तुमच्याबरोबर. धरणावर काय, कुठेही. आत्ता येते, अशीच.”

त्याचा हात उठला, तिच्या गालापर्यंत आला, आणि हवेतच थांबला. मग खाली गेला.

“मलाही तूच हवी होतीस,” तो म्हणाला. “पण आता तिच्यापुढे एकच माणूस पाहिजे. दिवसरात्र एकच. दुसरं कुणी असलं की ती त्याच्याकडे जाईल. तुझ्याकडे तर पहिली जाईल. तू आवडतेस तिला.” तो हसायला गेला. “माझा नंबर परत शेवटचा.”

“आणि नाहीच आली ती तुमच्याकडे तर?”

“तर मग काका,” तो म्हणाला. “काका होऊन राहीन. काय करणार?”

तो टेम्पोत चढला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. खिडकीची काच खाली होती. मुंगीनं रडून रडून सुजलेले डोळे वर केले, आणि टाचणीला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“काका, आपण कुठे चाललोय?”

“घरी, बाळा.”

मुंगीनं जरा विचार केला.

“कुणाच्या?”

टाचणी वाट बघत उभी राहिली. त्यानं काहीतरी उत्तर द्यावं, काहीही, निदान खोटं तरी. पण टेम्पो हलला, वळला, आणि तो बोलला की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.